चुना

माझ्या बहिणीच्या तिन्ही कादंबऱ्या
एकाच ग्रहावर घडतात.
तिथे दगड काळे, कोरडे असून ओले दिसणारे,
पाऊस जिभेला आंबट,
आणि रात्री क्षितिजावर कोणीतरी
वितळलेला सूर्य उतारावरून ओतून देतं.

लांबलांबून पत्रं यायची,
ओसाकाहून, लिमाहून, एकदा तर एका पाणबुडीतून:
बाई, हे सुचतं कुठून?
इर्याचं उत्तर एका ओळीचं:
स्वयंपाकघराची खिडकी, उत्तरेकडची.

खरंच होतं ते.
सडबरीत आमचं घर धुराड्याच्या खाली,
बाप निकेलच्या भट्टीवर.
धुराडं खोकलं की आई दोरीवरचे कपडे आत ओढायची,
तरी चादरींना बारीक भोकं पडायचीच,
आणि आम्ही दोघं ती चादर डोक्यावर घेऊन
भर दुपारी तारे मोजायचो.
शनिवारी साउनातून निघालो की
वाफाळत्या अंगानिशी बाप आम्हाला
मळी ओततात ते बघायला न्यायचा.
लाल ओहोळ, काळी टेकडी, मोटारींची रांग,
कोणी सँडविच खात बसलेलं.
आमची जत्रा ती.

उगवायच्या फक्त ब्लूबेऱ्या.
आंबट माती त्यांना मानवायची.
ऑगस्टभर आमच्या जिभा निळ्या,
एकमेकांना काढून दाखवायच्या:
तू कुठल्या ग्रहाचा?

मी एकोणीसचा झालो त्या उन्हाळ्यात
नगरपालिकेनं पोरं घेतली, रोजावर.
काम एकच. चुन्याची पोती पाठीवरून चढवायची
आणि टेकडीवर उधळायची.
लुसियँ, मी, आणि दोन बहिणी
ज्यांच्या आजोबांनी इथलं रान उभं असताना पाहिलं होतं.
संध्याकाळी आम्ही चौघं पांढरे, पापण्यांसकट.
मग गवताचं बी. मग पाइनची रोपं.
पहिल्या वर्षी काही नाही.
पुढे कधीतरी भूर्जं आली,
कोणी न लावता, वाऱ्यावरून.
ज्यांच्या सालीवर लिहिता येतं अशी झाडं
तिनं लिहिलेल्या जागेवरच उगवली.

तिसऱ्या कादंबरीत तिनं एक पान फुटू दिलं.
एक समीक्षक म्हणाला: इथे लेखिकेचा तोल गेला,
अशा ग्रहावर हे शक्य नाही.
ते कात्रण तिनं मला पाठवलं,
कोपऱ्यात पेन्सिलीनं: तुझ्यामुळे.

चौथी लिहून झालीच नाही.

गेल्या उन्हाळ्यात आली. सत्तरी गाठलेली,
गुडघ्याला पट्टा. अंगणात उभी राहून
त्या हिरव्याकडे बघत राहिली,
जसं विकलेल्या घराच्या नव्या पडद्यांकडे बघतात.
"छान झालंय," म्हणाली. "श्वास घेता येतो."
मग बऱ्याच वेळानं,
"माझ्या ग्रहाला चुना लावलास तू, वेइक्को."

काय बोलणार मी.
आईची फुप्फुसं त्याच ग्रहावर राहिली, हे?
ते तिला ठाऊक होतं.
पहिलं पुस्तक आईलाच अर्पण आहे.

तिला गाडीत बसवलं.
विजेच्या तारांखालून, मोडक्या रेल्वेफाट्यापलीकडे
एक उतार आहे.
तेव्हा तिथे माझ्या पाठीवर दिवसाचं शेवटचं पोतं होतं
आणि मी ते फोडलं नाही.
का, ते त्या दिवशीही सांगता आलं नसतं.
मुकादमाला म्हणालो, झालं.
पोतं नेऊन नाल्यात टाकलं.

काळा दगड. कोरडा, आणि ओला.
इर्या माझा हात धरून उतरली, फतकल मारून बसली,
तळवा दगडावर ठेवला आणि ठेवूनच दिला.
मी उगाच ढगांबद्दल काहीतरी बोललो.
भेगेत एक झुडूप होतं, घोट्याएवढं.
फळं अकरा.
सहा तिनं घेतली, पाच मला दिली,
थोरली ना.
खाऊन झाल्यावर माझ्याकडे वळली
आणि जीभ काढली.